मिठाचं मंडळ, झाडूचं मंडळ: म्याओफंगशानच्या जत्रेतले तीन दिवस

३० एप्रिल १९२५ रोजी पेकिंगहून, म्हणजे आजच्या बीजिंगहून, पाच माणसं म्याओफंगशान नावाच्या डोंगरावरच्या जत्रेला निघाली. चिनी पंचांगाने तो चौथ्या महिन्याचा आठवा दिवस होता. पाचही जण शिकलेले, शहरी, देवीकडे काही मागणं नसलेले. पेकिंग विद्यापीठात लोकरीतींची पाहणी करणारं एक मंडळ होतं, त्याने खर्चाला ५० युआन दिले होते. २ मे रोजी ते परतले. तीन दिवसांची ही फेरी चीनमधल्या लोकसंस्कृतीच्या अभ्यासातली पहिली मोठी प्रत्यक्ष पाहणी मानली जाते.

त्यांचा म्होरक्या गू जिएगांग, मूळचा सूचौचा, पेशाने इतिहासकार. दोनच वर्षांपूर्वी त्याने विद्वानांत खळबळ उडवून दिली होती. त्याचं म्हणणं असं की पुराणकाळातला राजा जितका जुना सांगितला जातो तितकी त्याची गोष्ट उशिरा रचलेली असते. गोष्टीवर पिढ्यान्‌पिढ्या थर चढतात आणि खालचा थर कुणाला दिसत नाही. बरोबर रोंग गंग होता, ज्याचा प्राचीन कांस्यपात्रांवरच्या अक्षरांचा कोश त्याच वर्षी निघाला. त्याचा भाऊ रोंग झाओझू होता. च्वांग यान होता, जो पुढे राजवाड्यातल्या संग्रहालयाच्या पेट्यांबरोबर तैवानपर्यंत गेला. आणि सुन फूयुआन होता, एका दैनिकाच्या पुरवणीचा संपादक. या शेवटच्या गड्याचा उपयोग उघड आहे: परत आल्यावर जे लिहाल ते छापायची सोय घरचीच.

त्यांनी जे पाहिलं त्यातला मला खिळवून ठेवणारा भाग देवीचा नाही, व्यवस्थेचा आहे. हजारभर मीटर चढायचा डोंगर. पंधरा दिवसांची जत्रा. साम्राज्य बुडून तेरा वर्षं झालेली, सेनापतींच्या आपसांत मारामाऱ्या चाललेल्या. तरीही वाटेवर रात्री दिवे लागलेले, चहा तयार, पेज तयार, बसायला जागा, तुटलेला जोडा शिवून मिळतोय, आणि कुणीही कुणाकडे दमडी मागत नाही. हे चालवत होतं कोण?

आधी शब्दाचं बघू. अशा जत्रेला चिनीत ‘मियाओहुई’ म्हणतात. मियाओ म्हणजे देऊळ. हुई म्हणजे जमणं, मेळा. पण हुई म्हणजे मंडळसुद्धा. एकाच अक्षरात जत्रा आणि जत्रा चालवणारे दोन्ही बसतात.

मियाओहुईची मुळं दोन-तीन ठिकाणी सापडतात. फार जुन्या काळी गावोगावी भूमीच्या देवाचं ठाणं असे, त्याला ‘श’ म्हणत. पेरणीच्या सुमारास आणि सुगीनंतर तिथे बळी द्यायचा, मग सगळ्या गावाने मिळून जेवायचं. बौद्ध धर्म आल्यावर बुद्धजन्माच्या सुमारास मूर्ती रथात घालून शहरातून मिरवायची प्रथा पडली. पाचव्या-सहाव्या शतकातल्या लुओयांगमध्ये अशा मिरवणुकांपुढे कसरतीचे आणि सोंगांचे खेळ चालत. गर्दी जमली की फेरीवाला येतोच, तो यायला कुठला धर्म लागत नाही. पेकिंग शहरात तर हळूहळू बाजारच वरचढ झाला. हुग्वो मठाच्या आवारात तारखेच्या शेवटी सात-आठ आला की बाजार, लोंगफू मठात नऊ-दहा आला की बाजार. आपल्या आठवडी बाजारासारखंच, फक्त चिनी आठवडा दहा दिवसांचा. तिथे जाणाऱ्या बायकांना सुया, कंगवे, फुलं, मांजरं हवी असत; मूर्तीला नमस्कार झाला तर झाला.

म्याओफंगशान या जातीचं नाही. तिथे लोक धूप घेऊन जात, आणि जाणं सोपं नव्हतं. १९००च्या सुमारास फूचा दुनछोंग नावाच्या मांचू गृहस्थाने पेकिंगच्या वर्षभरातल्या रीतींची टिपणं लिहून ठेवली. तो अंतर सांगतो: शहरापासून ऐंशीहून जास्त ली, त्यापुढे चाळीसहून जास्त ली डोंगरवाट. (ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर.) माणसं मोजाल तर काही लाख, पैसा मोजाल तर तोही काही लाख, आणि धुपाच्या धुराच्या बाबतीत ही जागा जगात पहिली, असं त्याचं मत. रात्री वाटेवरचे दिवे त्याला तारांगणासारखे दिसले.

वर देऊळ आहे बीश्या युआनजुनचं. नावाचा अर्थ नीलमेघांची स्वामिनी. मूळची ती शानतुंग प्रांतातल्या थायशान पर्वताची. काही कथांत त्या पर्वतदेवाची लेक. पण एवढं लांबलचक नाव घेतो कोण? भक्तांच्या तोंडी ती ‘न्यांगन्यांग’, आईसाहेब. तिच्या दोन्ही हातांना आणखी देवी बसलेल्या: एक डोळ्यांची, एक मुलंबाळं देणारी, एक सुखरूप बाळंतपणाची, एक अंगावर फोड येणाऱ्या आजारांची. मराठी वाचकाला ही शेवटची वेगळी समजावून सांगायला नको, आपण तर त्या रोगालाच देवी म्हणायचो. थोडक्यात, ज्या घरात लहान मूल आहे, किंवा नाही, त्या घरातल्या बाईचं सगळं दुखणं एका छपराखाली.

पेकिंगच्या सपाटीवरही तिची पाच देवळं होती, दिशा सांगून ओळखली जाणारी: पूर्वेचं, पश्चिमेचं, दक्षिणेचं, उत्तरेचं आणि मधलं. त्यांना ‘तिंग’ म्हणत, म्हणजे माथा, जरी ती सपाट जमिनीवर होती तरी. (उत्तरेचं देऊळ आजही आहे. २००८च्या ऑलिंपिकमधला निळ्या बुडबुड्यांचा जलतरण तलाव आठवत असेल तर त्याच्या अगदी शेजारी.) सतराव्या शतकापासून या सगळ्यांवर म्याओफंगशानने मात केली आणि त्याला नाव पडलं सोन्याचा माथा.

जत्रा चौथ्या महिन्याच्या प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत. उत्तर चीनमध्ये गहू तेव्हा शेतात उभा असतो, कापणीला अजून अवकाश असतो, आणि थंडी गेलेली असते. चिनी पंचांगातही अधिक महिना धरतात, आणि १९२५ साली नेमका चौथा महिनाच दोनदा आला होता. जत्रा पहिल्या चौथ्यात भरली.

आता वाटेवर येऊ. पायथ्याच्या गावांतून वर जाणाऱ्या चार-पाच वाटा होत्या आणि प्रत्येक वाटेवर थोड्या थोड्या अंतराने चटयांचे मांडव. त्यांना चहाचे मांडव म्हणत. आत न्यांगन्यांगची तसबीर किंवा मूर्ती, समोर पितळी घंटापात्र, बाजूला चुलाणावर भलं मोठं पातेलं. यात्रेकरू दिसला की मांडवातला माणूस लांब हेल काढून हाक द्यायचा: आधी देवीपुढे वाका, मग पेज प्या, बसा, चहा घ्या. क्रम ठरलेला. यात्रेकरू गुडघ्यावर बसला की घंटापात्रावर टोला पडायचा. मग वाटी हातात. वाटेत भेटणाऱ्या अनोळखी माणसाला नमस्कार-चमत्कार नाही, एकच शब्द: ‘छ्येनछंग’, म्हणजे श्रद्धा. चढणारा म्हणतो छ्येनछंग, उतरणारा म्हणतो छ्येनछंग. वारीत सगळेच एकमेकांना ‘माऊली’ म्हणतात, तसंच. नाव, गाव, हुद्दा तेवढ्या वाटेपुरता गळून पडतो.

काहींचे नवस कडक असत. आईच्या आजारपणासाठी बोललेला मुलगा कैद्याचा तांबडा वेष घालून, ठरावीक पावलांवर गुडघे टेकत वर चढे. ज्याला हे दृश्य बघायचं आहे त्याच्यासाठी मूकपट शिल्लक आहे: सिडनी गॅम्बल नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९२४ ते १९२७च्या दरम्यान कॅमेरा घेऊन ही वाट चढली होती. साबणवाल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल घराण्यातला तो.

आणि आता मंडळं. चिनीत ‘श्यांगहुई’, धूप-मंडळ. ती दोन प्रकारची. एक ‘वन’ म्हणजे सेवेची, दुसरी ‘वू’ म्हणजे खेळाची. गर्दीचं लक्ष साहजिकच खेळांकडे जातं. मला सेवेची जास्त आवडतात, कारण त्यांची यादी वाचताना जुनं पेकिंग शहर धंद्या-धंद्याने डोळ्यांपुढे येतं.

मोच्यांचं मंडळ वाटेवर बसून यात्रेकरूंचे जोडे शिवून द्यायचं. फुटकी भांडी सांधणाऱ्या कारागिरांचं मंडळ चहाच्या मांडवांतून फिरायचं. हजारो माणसं पेज पिणार तर वाट्या फुटणारच, आणि हे लोक चिनीमातीच्या तुकड्यांना बारीक छिद्रं पाडून धातूच्या कड्यांनी वाटी पुन्हा उभी करत. पेकिंगच्या घरांच्या खिडक्यांना तेव्हा काच नव्हती, कागद असे. तो चिकटवणाऱ्यांचं मंडळ देवळाच्या आणि मांडवांच्या खिडक्यांना नवा कागद लावायचं. मीठ देणारं मंडळ होतं. चहाची पत्ती देणारं होतं. वाफवलेले पाव देणारं होतं. ताजी फुलं वाहणारं, गुडघे टेकायला चटया पुरवणारं, वाट दुरुस्त करणारं, रात्री कंदील लावणारं. नुसते झाडू आणि फडकी नेऊन देवळातली धूळ झटकणारं एक मंडळ होतं.

वारीच्या वाटेवर चपला शिवून देणारे, दाढी करून देणारे, पाय चेपणारे ज्यांनी पाहिलेत त्यांना यात नवल वाटणार नाही. फरक आहे तो बांधणीत. इथे मोची एकेकटा पुण्य जोडायला बसत नव्हता, त्याचा धंदाच्या धंदा नाव, निशाण आणि कारभारी घेऊन डोंगरावर येत होता. देवीला वाहायचं काय? तर आपलं कसब. मोच्याने फुलं वाहायची नाहीत, त्याने टाका घालायचा.

गूने हे सगळं टिपलं ते बरंचसं भिंतींवरून. प्रत्येक मंडळ जत्रेच्या आधी आणि जत्रेत पिवळ्या कागदावर आपलं पत्रक लावायचं: मंडळाचं नाव, कुठल्या पेठेतलं, काय सेवा करणार, आदल्या रात्रीचं जागरण कधी, निघणार कधी, माथ्यावर पूजा कधी, परतणार कधी. वाटेवरच्या भिंती, मांडव, वेशी या कागदांनी भरलेल्या असत. गूने उभ्या-उभ्या ९९ मंडळांची माहिती उतरवून घेतली. विचार करा: बरोबरचे गडी पुढे निघालेत, मागून गर्दी ढकलते आहे, आणि हा माणूस भिंतीसमोर वही धरून उभा. पोथ्यांवर वाढलेल्या इतिहासकाराला जत्रेतही वाचायला मजकूर सापडला, याचं मला हसू येतं आणि हेवाही वाटतो. हाच त्या पाहणीचा दोषही आहे. कागद लावणारे पुरुष होते. देवीकडे मूल मागायला आलेल्या बाईने काय सांगितलं असतं, ते भिंतीवर नव्हतं. तीन दिवसांत पाच पुरुषांना ते कळण्याची शक्यताही फार नव्हती.

कागदांवरून त्याला जे उमगलं ते मात्र मोलाचं होतं. मंडळात कामांची वाटणी एखाद्या सरकारी कचेरीसारखी होती. पुढारी वेगळे. वर्गणी वसूल करणारे वेगळे. पूजासामान विकत घेणारे वेगळे. हिशेब ठेवणारे, गाड्या सांभाळणारे, मिरवणुकीतल्या ताशा-झांजांची व्यवस्था बघणारे, स्वयंपाक आणि चहा सांभाळणारे, सगळे वेगळे. धूप-कागद वगैरे पूजासामानाला ‘छ्येनल्यांग’ म्हणत. सरकारी साऱ्याला जो शब्द तोच इथे. म्हणजे देवीला द्यायचं ते दान नव्हे, तिचा सारा. तो कावडीच्या सजवलेल्या पेट्यांत भरून, वर निशाणं आणि घुंगुर बांधून, खांद्यावरून वाजत-गाजत वर जायचा.

शेतकऱ्या-कारागिरांना संघटना जमत नाही, त्यांना जागं करायला हवं, असं त्या पिढीचे सुशिक्षित रोज लिहीत होते. गूचं म्हणणं निघालं ते असं की लोकांमध्ये जायच्या गप्पा मारण्याआधी लोक स्वतःहून कसे जमतात ते तरी बघा. सुनच्या पुरवणीत मे महिन्यापासून या यात्रेचे खास अंक निघू लागले. आणि ३० मे रोजी शांघायमध्ये ब्रिटिशांच्या हाताखालच्या पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. देश पेटला असताना हे लोक देवीच्या जत्रेवर काय लिहीत बसलेत, असं कुणालाही वाटलं असतं. अंक निघत राहिले. १९२८ साली ग्वांगचौमधल्या सुन यात-सेन विद्यापीठाने ते पुस्तकरूपात काढले.

मंडळांचा एक नियम तिथल्या लोकांच्या तोंडी ठरीव शब्दांत असे: गाडी-टोपली आपली आपण आणायची, चहापाण्याचाही त्रास यजमानाला द्यायचा नाही. जत्रेला येणारं मंडळ स्वतःचं अन्न, स्वतःचं पाणी, स्वतःची वाहनं घेऊन येई. खेळ दाखवला म्हणून बिदागी घेणं तर सोडाच, कपभर चहा घेणंही कमीपणाचं. पण याच्या जोडीला दुसरा वाक्प्रचारही होता, आणि तो वाचल्यावर सगळं चित्र जमिनीवर येतं: ‘पैसा उधळा, तोंड विकत घ्या.’ चिनीत तोंड म्हणजे अब्रू, चारचौघांतला मान. भक्ती होतीच. पण आमच्या पेठेचं निशाण तुमच्या पेठेच्या निशाणापेक्षा उंच, हेही होतं. गणेशोत्सव, मानाच्या काठ्या आणि पालखीपुढच्या दिंड्यांचे क्रम यांत वाढलेल्या वाचकाला मान म्हणजे काय आणि त्यासाठी माणूस किती खर्चात पडतो, हे सांगायची गरज नाही.

मान आला की पायऱ्या आल्या. नवं मंडळ काढायचं तर जुन्या मंडळांना रीतसर आमंत्रण देऊन त्यांच्या साक्षीने उभं राहावं लागे. तसं केल्याशिवाय ते मंडळ कुणी धरत नसे. शंभर वर्षं पुरी झालेलं मंडळ नावात ‘जुनं’ लावी, बाकीची ‘पवित्र’. दोन मंडळं वाटेत समोरासमोर आली की वाद्यं थांबवायची, पुढची निशाणं झुकवायची, नावाच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल करायची, मग पुढे जायचं. वाद्य वाजवत तसंच निघून गेलं तर तो अपमान, आणि अशा अपमानावरून डोकी फुटायची. यावर पोलीस नव्हता. वडीलधारे मध्ये पडायचे.

राजघराणंही या मानाच्या बाजारात होतं. सम्राज्ञी त्सशीला खेळांची मंडळं बघायची हौस. उन्हाळी राजवाड्याच्या उत्तरेच्या भिंतीलगत एक इमारत आहे. तिथे बसून ती भिंतीबाहेरून डोंगराकडे निघालेली मंडळं बघायची. तिने ज्यांना आत बोलावून खेळ पाहिला ती ‘राजमंडळं’ झाली, आणि त्यांच्या निशाणांचा रुबाब वाढला. घराणं १९१२ साली गेलं. रुबाब तसाच राहिला.

खेळांच्या मंडळांबद्दल एकच गोष्ट सांगतो, पण ती सावकाश. खेळ तेरा मानत. लोखंडी काटे फिरवत वाट मोकळी करणारे सगळ्यांत पुढे. मग काठ्यांचा जंगी खेळ, मग उंच लाकडी पायांवर चालणारे, कपाळावर आणि कोपरावर भलामोठा बांबूचा ध्वज तोलणारे, सिंहनृत्य, दगडी चाकांचं वजन उचलणारे, दगडी कुलुपं (म्हणजे कुलपाच्या आकाराची वजनं) झेलणारे, आडव्या दांड्यावरच्या कसरती, चिनीमातीचे रांजण डोक्यावर नाचवणारे, झांजवाले, पेट्यांच्या कावडीचं सोंग, तराजूसारख्या चौकटीला वाद्यं बांधून गाणारे, आणि शेवटी कमरेला मोठा ढोल बांधलेले. बाहेरच्याला ही नुसती सर्कस वाटेल. मंडळवाल्यांना मात्र हा क्रम म्हणजे चालतं देऊळ. सिंह हे दारावरचे दोन दगडी सिंह. ध्वज म्हणजे अंगणातला ध्वजस्तंभ. लाकडी पाय म्हणजे वेशीपुढचा लाकडी अडसर. दगडी चाकं उंबऱ्याशी, दगडी कुलूप दाराचं, आडवा दांडा दाराची अडणी. रांजण देवीच्या मद्याचा. पेट्यांत तिच्यासाठी आणलेला नजराणा, आणि तराजू तो तोलायला. हे पाठ राहावं म्हणून एक पद्य होतं, मंडळातली पोरं ते घोकत. खेळ पुढे-मागे झाला तर देवळाचं दार भिंतीच्या आत जाणार, म्हणून क्रम मोडायचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकली आल्या तर सायकलीवरच्या कसरतींचंही मंडळ निघालं.

आता वांग-सान-नायनाय, म्हणजे वांगांच्या घरची तिसरी आजी.

मुख्य देवीपाशीच एका बाजूला या आजीचं ठाणं होतं. त्येनजिन शहराकडची ही बाई, लोकांना औषधपाणी करायची, वारंवार डोंगरावर यायची, आणि तिथेच गेली, अशी कथा. त्येनजिनच्या भक्तांची तिच्यावर विशेष माया, आणि त्येनजिनची मंडळं पैशाने तालेवार. १९२५ साली गूने पाहिली तेव्हा तिची मूर्ती निळसर साध्या सुती कपड्यांतली होती, केसांचा गावठी अंबाडा, एखाद्या घरच्या वयस्क मोलकरणीसारखी. १९२९ साली तो पुन्हा डोंगरावर गेला. चारच वर्षं झाली होती. आता तिच्या अंगावर देवीचा साज होता आणि नावापुढे बोधिसत्त्वाला शोभेल अशी लांबलचक पदवी.

ग्रंथांच्या पानांत हजार-हजार वर्षांचे थर शोधणाऱ्या माणसाला एक थर डोळ्यांदेखत चढलेला दिसला. पुराणातला राजा मूळचा कोण होता याचा शोध घ्यायला बांबूच्या पट्ट्यांवरचे लेख उकरावे लागतात. ही आजी मूळची कोण होती हे सांगणारी माणसं अजून पेज वाढत होती. खालचा थर पुसला कसा जातो याचं याहून चांगलं उदाहरण त्याला ग्रंथांत मिळालं नसतं. आणि तो पुसला कुणी लबाडीने नाही. ज्यांना तिच्याबद्दल माया होती त्यांनीच, तिला चांगलं नेसवायचं म्हणून.

पुढचं थोडक्यात. १९२८ साली नानजिंगमधल्या नव्या राष्ट्रवादी सरकारने कुठली देवस्थानं ठेवायची आणि कुठली काढायची याचे निकष काढले. इतिहासात किंवा नीतीत ज्यांचं काही कार्य दाखवता येईल ते देव राहतील, बाकीचे जातील, असा तो हिशेब. १९३७ साली जपानी फौजा आल्या आणि पेकिंगच्या पश्चिमेच्या डोंगरांत गनिमी लढाई सुरू झाली. यात्रा बसली. सांस्कृतिक क्रांतीपर्यंत देऊळही जमीनदोस्त झालं. १९८०च्या दशकात ते पुन्हा बांधलं, १९९३ साली जत्रा पुन्हा भरवली, आणि २००८ साली तिला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. जिने जिवंत राहायचं त्या गोष्टीला ‘वारसा’ म्हटलं की मला जरा धास्तीच वाटते, पण ते असो.

पुन्हा भरवली म्हणजे काय परत आलं? देऊळ आलं. खेळांची मंडळं बरीच आली, कारण म्हातारे अजून जिवंत होते आणि पोरांना खेळ शिकवता येत होता. सेवेची मंडळं येणं अवघड होतं. कागदाच्या खिडक्या राहिल्या नाहीत, वाट्या सांधून कुणी वापरत नाही, वाट सरकार बांधतं, दिवा वीजमंडळ लावतं. मोच्यांचा धंदाच राहिला नाही तर टाका कोण वाहणार? पेज, पाव आणि चहा देणारे तेवढे टिकले, कारण भूक टिकली. डोंगर आता पर्यटनस्थळ आहे, फाटकावर तिकीट आहे, वरपर्यंत मोटार जाते.

खेळांच्या मंडळांपुढचा पेच वेगळा आहे. १९८५पासून पेकिंगच्या दीतान बागेत नववर्षाची जत्रा भरते, तशाच इतर बागांतही. तिथे खेळ करायचे तर ठरलेले पैसे मिळतात, आणि बस, पोशाख, ढोलाची कातडी यांना पैसा लागतोच. डोंगरावर त्याच मंडळाने त्याच पोशाखात त्याच क्रमाने खेळ करायचा तो फुकट, चहासुद्धा न घेता. जुने लोक या दोन कामांना दोन वेगळे शब्द वापरतात. बागेत करतात तो प्रयोग. डोंगरावर जातात ते ‘चाओतिंग’, माथ्याला नमन.

उतरणीची एक रीत सांगायची राहिली. माथ्यावरून निघताना लोक मखमलीची किंवा कागदाची लाल फुलं विकत घेत, आजही घेतात, आणि केसांत, टोपीत, छातीवर खोचतात. पुष्कळ फुलांना वटवाघळाचा आकार असतो; चिनीत वटवाघूळ आणि सौभाग्य या दोन्हींचा उच्चार ‘फू’. चढताना छ्येनछंग म्हणणारा माणूस उतरताना आणखी एक शब्द ऐकतो, ‘ताय फू ह्वान ज्या’, सौभाग्य घेऊन घरी जा. पूर्वी चौथ्या महिन्यात पेकिंगच्या वेशीतून लाल वटवाघूळ खोचलेली, धुळीने माखलेली माणसं आत येऊ लागली की शहराला न सांगता कळायचं, ही कुठून आली ते.